मुक्कामाची वही : पाहुणा, उतारू आणि कायदा

(मंडळाच्या मासिक बैठकीत वाचलेला निबंध. बैठकीतल्या चर्चेनंतर वहीविषयीचा भाग पुन्हा लिहिला आहे.)

डिसेंबरात बेळगाव कसं असतं हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरतं, आणि लॉजच्या खोल्या आमदार, अधिकारी आणि बंदोबस्ताच्या पोलिसांसाठी आधीच राखून ठेवल्या जातात. ज्याचा पेशंट केएलईच्या दवाखान्यात आहे, किंवा ज्याच्या पोराची मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात कसम परेड आहे, तो माणूस बॅग घेऊन या दारातून त्या दारात फिरतो. अशाच एका डिसेंबरात आम्ही शहापूरच्या जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्या एक-दोन रात्रींसाठी द्यायला लागलो. एक खाली, एक माडीवर. त्याला आता सहा वर्षं झाली.

गेल्या वर्षी त्या खोल्यांसाठी एका कार्यालयातून नोटीस आली. मजकूर चार ओळींचा. सदर मिळकतीचा वापर निवासी आहे की वाणिज्य, याचा खुलासा करावा. परवाना असल्यास प्रत जोडावी. वास्तव्यास येणाऱ्या व्यक्तींची नोंदवही तपासणीस उपलब्ध ठेवावी. पाठोपाठ तपासणीला आलेले गृहस्थ सभ्य होते. चहा घेतला आणि विचारलं, "काय ओ, हे तुमचे पाहुणे की गिऱ्हाईक?"

आई आतून म्हणाली, "पैसे घेतले तरी पाहुणाच की तो."

त्यांना हसू आलं, पण आईचं उत्तर फॉर्मात बसण्यासारखं नव्हतं. मी तीस वर्षं उद्यमबागेत फौंड्रीत काढलेला माणूस. व्याख्या नसेल तर माप घेता येत नाही, एवढं त्या धंद्यात शिकलो. म्हणून खुलासा लिहायच्या आधी ठरवलं, की घरात पैसे देऊन एक रात्र राहणाऱ्या परक्या माणसाला आपल्या भागात कायद्याने आजवर काय-काय म्हटलं, ते बघायचं. हा निबंध त्यातून झाला. नोटिशीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

एका गावात तीन राज्यं

आज आपण बेळगाव हे एक शहर समजतो. १९४८ पूर्वी मात्र अर्ध्या तासाच्या चालीत तीन निरनिराळे अंमल लागायचे. बेळगावची नगरपालिका १८५१ पासूनची, मुंबई इलाख्याच्या कायद्याखाली. कॅम्पात लष्करी छावणीचा कारभार. आणि आमचं शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं. विणकर, सराफ, सुताचे व्यापारी यांची ही पेठ बेळगावला चिकटलेली, पण संस्थानी. गल्ली ओलांडली की कायदा बदलायचा.

वर निपाणीकडे गेलं तर तीच गोष्ट मोठ्या मापात. निपाणी इंग्रजी मुलखात, आणि दूधगंगा ओलांडली की कागल, म्हणजे कोल्हापूर संस्थान. निपाणीला रेल्वे नाही, तेव्हाही नव्हती. तंबाखूचा सगळा व्यापार पुणे–बेंगळूर रस्त्यावरून. गाडीवान, दलाल, वखारीत माल बघायला आलेले परगावचे व्यापारी यांना रात्रीचा आसरा लागायचाच. धर्मशाळा, मठ, देवळाचा सोपा, वखारीची ओसरी किंवा ओळखीच्याचं घर, एवढेच पर्याय.

त्या काळातलं आपल्याकडचं सर्वांत प्रसिद्ध 'पाहुणेपण' म्हणजे स्वामी विवेकानंदांचं. ऑक्टोबर १८९२ मध्ये ते कोल्हापूरहून बेळगावला आले ते ओळखीची चिठ्ठी घेऊन. उतरले रिसालदार गल्लीत, वकील सदाशिवराव भाटे यांच्या घरी. पुढे वन खात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांनी त्यांना आपल्याकडे नेलं. मित्रांनी लिहिलेल्या आठवणींत एक गोष्ट येते : संन्याशाने शहरात तीन दिवसांपेक्षा जास्त राहू नये, हा नियम सांगून स्वामीजी लवकर निघायला बघत होते. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. मुक्कामाची मुदत ठरवणारा नियम इथे आहेच. फक्त तो यजमानावर नाही, पाहुण्यावर आहे, आणि तो पाळायला कुणी तपासनीस लागत नाही. ओळखीची चिठ्ठी म्हणजे त्या वेळचा ओळखपुरावा, आणि जामीन म्हणजे ती लिहिणाऱ्याचा शब्द.

सराई, यात्रा आणि साथ

ओळखीची चिठ्ठी नसलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न इंग्रजी अमलाला पडला आणि कायदे सुरू झाले. १८६७ चा सराई कायदा हा त्यातला मूळ साचा. तो मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांसाठी होता. पण आजच्या फॉर्मांचे आजोबा बघायचे असतील तर तिथेच बघावं लागतं.

त्यातल्या अटी वाचताना मी नोटीस शेजारी ठेवली होती. सराईची नोंद जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे करायची. चालकाने चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणला नाही, तर मॅजिस्ट्रेट नोंद नाकारू शकतो. तपासणीला येणाऱ्यास आत येऊ द्यायचं. संसर्गजन्य रोगाने कुणी आजारी पडला तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं. खोल्या झाडून स्वच्छ ठेवायच्या, भिंती-छपराची डागडुजी करायची, पुरेसे राखणदार ठेवायचे. आणि दरपत्रक लावायचं, मॅजिस्ट्रेट सांगेल त्या जागी आणि सांगेल त्या भाषांत! पाटी कुठल्या भाषेत, हा वाद बेळगावकरांना काही नवा नाही; पण १८६७ च्या कायद्यात त्याची सोय बघून मला गंमत वाटली. नियम मोडला तर दंड वीस रुपयांपर्यंत, आणि चूक चालू ठेवली तर दिवसाला एक रुपयापर्यंत जादा.

चार वर्षांनी, १८७१ मध्ये, बंगाल सरकारने जगन्नाथपुरीतल्या यात्रेकरूंच्या घरांसाठी वेगळा कायदा केला. घराला परवाना, आणि एका घरात माणसं किती राहतील याला मर्यादा. कारण पटकी. यात्रेत गर्दीची घरं आणि घाणीचं पाणी यांतून साथ पसरते, हे सरकारच्या डोक्यात बसलं होतं. पंढरपूरच्या यात्रेवरही इंग्रजी अंमलदारांचा डोळा याच कारणाने असायचा.

मग १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग निघाला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. कायदा अगदी लहान, कलमं मोजकी. पण अधिकार केवढा! रेल्वेने किंवा कशानेही प्रवास करणाऱ्यांना थांबवून तपासायचं, संशयिताला वेगळं ठेवायचं. हुकूम मोडला तर भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा. प्लेगने आपल्या भागातही पुढची कित्येक वर्षं पाठ सोडली नाही. पाहुणा आला म्हणजे आनंद, ही भावना त्या वर्षांत उलटी झाली. दारात आलेला परगावचा माणूस हा कळवण्याचा विषय झाला.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. २०२० साली हाच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. २०२१ मध्ये कोल्हापूरहून येताना कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवण्यासाठी रांगेत उभे राहिलेले आपल्यात कितीतरी जण असतील. आतेभाऊ कागलचा, बहीण निपाणीची, आणि मधे नाका. प्लेगच्या काळात रेल्वे स्टेशनवर तपासणी कशी होत असेल, याची कल्पना मला पुस्तकांपेक्षा त्या रांगेत जास्त आली.

छावणीची घरं आणि विजयनगर

कॅम्पातला हिशेब निराळा. तिथे प्रश्न साथीचा नव्हता, अधिकाऱ्यांच्या निवाऱ्याचा होता. छावणीतली घरं लष्करी अधिकाऱ्यांसाठी भाडेपट्ट्याने ताब्यात घेता यावीत म्हणून खास कायदा होता. १९२३ साली तो नव्याने केला गेला. घर तुमचं, पण त्यात कोण राहील हे लष्कर सांगणार. डिसेंबरात लॉजच्या खोल्या 'वरून' राखून ठेवल्या जातात तेव्हा मला हा कायदा आठवतो. सत्ता गावात मुक्कामाला आली की गावातल्या खोल्यांचा पहिला हक्क तिचा. प्रथा तेवढी जुनी आहे.

याच्या उलट उदाहरणही बेळगावनेच घालून दिलं. डिसेंबर १९२४ मध्ये राष्ट्रीय सभेचं अधिवेशन इथे भरलं. गांधीजी अध्यक्ष झालेलं हे एकमेव अधिवेशन. हजारोंच्या संख्येने लोक येणार, आणि गावात एवढ्या खोल्या नाहीत. गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या घरांवर भार टाकला नाही. टिळकवाडीच्या बाजूला तात्पुरतं गावच वसवलं. नाव विजयनगर. पाण्यासाठी विहीर खणली, तिचं नाव पंपा सरोवर. ना. सु. हर्डीकरांचे स्वयंसेवक व्यवस्थेला. तंबू गेले, गाव गेलं. 'काँग्रेस विहीर' राहिली. पाहुणे बोलावणाऱ्याने आधी पाण्याची सोय बघितली, ही इंजिनिअर म्हणून मला त्या अधिवेशनातली सर्वांत आवडलेली गोष्ट.

१९४७ : भाडं, हॉटेल आणि लॉजिंग हाऊस

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत जागेची टंचाई झाली. त्यातून मुंबईचा तो प्रसिद्ध भाडेनियंत्रण कायदा आला. आपण त्याला नुसता 'रेंट ॲक्ट' म्हणतो, पण त्याच्या पूर्ण नावात हॉटेल आणि लॉजिंग हाऊस यांचे दरही आहेत. १९४७ चा ५७ वा कायदा, अंमल १३ फेब्रुवारी १९४८ पासून.

या कायद्यातली लॉजिंग हाऊसची व्याख्या मी तीनदा वाचली. इमारत किंवा इमारतीचा भाग, जिथे पैसे घेऊन राहण्याची सोय केली जाते. जेवण किंवा इतर सेवा असो वा नसो. बस, एवढंच. किती खोल्या, मालक तिथे राहतो की नाही, पाटी लावली की नाही, याचा संबंध नाही. या मापाने आमच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे सरळ लॉजिंग हाऊस. आई काहीही म्हणो.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पण राज्य बदललं म्हणून कायदा त्या रात्री बदलत नाही. मुंबईचा भाडेकायदा इथे चालूच राहिला. १९६१ चा म्हैसूर भाडेनियंत्रण कायदा आला तेव्हा तो गेला. या नव्या कायद्यात घर रिकामं झालं की मालकाने कंट्रोलरला कळवायचं आणि कंट्रोलर ते वाटून देणार, अशी तरतूद होती. जुन्या मंडळींना "कंट्रोलची खोली" हा शब्द आठवत असेल.

तिकडे महाराष्ट्रात १९७३ साली एक दुरुस्ती झाली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीची. १ फेब्रुवारी १९७३ रोजी 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं, आणि त्याच वेळी 'पेइंग गेस्ट' या शब्दाला कायद्यात व्याख्या मिळाली : मालक स्वतः जिथे राहतो त्या जागेचा भाग ज्याला वापरायला दिला आहे, असा घरच्यांखेरीजचा माणूस. म्हणजे १९४७ ला जी गोष्ट कायद्याने विचारली नव्हती, ती १९७३ ला मध्यवर्ती झाली : मालक त्याच घरात राहतो का?

आज जगभर हाच प्रश्न विचारला जातो. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घर द्यायचं तर नोंदणी लागते, यजमानाने तिथेच राहावं लागतं आणि पाहुणे दोनच. बार्सिलोनाने तर २०२८ पर्यंत पर्यटकांसाठीच्या सदनिकांचे दहा हजारांवर परवाने संपवण्याचं जाहीर केलं आहे. आपल्या केंद्र सरकारच्या होमस्टे योजनेत एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा, आणि मालक किंवा त्याचं कुटुंब तिथे राहत असलं पाहिजे. आईचं म्हणणं अगदीच चुकलं नव्हतं, असं आता वाटतं. घरात घरचं माणूस आहे की नाही, यावरच कायदा आता पाहुणा आणि गिऱ्हाईक वेगळे करतो.

आजोबांची वही

आता माझ्या घरातल्या कागदाकडे येतो. नोटिशीला उत्तर द्यायचं म्हणून घरपट्टीच्या जुन्या पावत्या शोधताना आजोबांची एक वही सापडली. लांबट, लाल कापडी बांधणीची, मोडी-बाळबोध मिश्र अक्षरात. वर लिहिलंय 'मुक्काम'. १९४४ ते १९५१ पर्यंतच्या नोंदी. रकाने चार : तिथी, कुठून, किती जण, आणि पैसे. माणसांची नावं क्वचितच. 'निपाणी, तंबाखूचे, २, दोन रात्री.' 'इचलकरंजी, सूत, १.' पुढे आणे-रुपये. म्हणजे आम्ही तीन पिढ्या हा उद्योग करतोय आणि मला वाटत होतं मीच सुरू केला.

यात १९४८ च्या सुरुवातीला पैशाचा रकाना एकदम कोरा होतो. फेब्रुवारीपासून जवळजवळ दोन महिने. नोंदी आहेत, उलट नेहमीपेक्षा जास्त आहेत, पैसे नाहीत.

मला फार आनंद झाला. १३ फेब्रुवारी १९४८ ला लॉजिंग हाऊसचे दर नियंत्रणाखाली आले, आणि आजोबांनी रकाना भरणं बंद केलं! कायदा आला आणि माणूस घाबरला, याचा लेखी पुरावा. बैठकीत मी तसंच मांडलं.

बैठकीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी शांतपणे विचारलं, "शहापूर तेव्हा कुणाचं होतं?"

मी स्वतःच निबंधाच्या सुरुवातीला लिहिलं होतं की सांगलीचं. सांगली संस्थान मुंबईत विलीन झालं ते ८ मार्च १९४८ रोजी. कायदा १३ फेब्रुवारीचा. मधले चोवीस दिवस मुंबईच्या कायद्याचा आमच्या गल्लीशी संबंधच नव्हता. घरी येऊन वही पुन्हा उघडली. कोरा रकाना १३ तारखेपासून नव्हे, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासूनच सुरू होतो. कायदा अंमलात यायच्या आधीच. माझा सिद्धान्त मापातच बसत नव्हता.

मग दुसरा रकाना नीट वाचला, 'कुठून'. नेहमीची गावं नाहीत. निपाणी-इचलकरंजीचे व्यापारी गायब. सांगली आणि कोल्हापूर भागातली लहान गावं. 'किती जण' या रकान्यात एक-दोन नाहीत. पाच, सात, नऊ. एका ठिकाणी शेजारी बारीक अक्षरात दोन शब्द : 'सामान नाही'.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण निघाला आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. तिथून निघालेली कुटुंबं नातेवाइकांकडे, ओळखीच्यांकडे, मिळेल तिकडे गेली. आमचं घर ब्राह्मणाचं नाही. आजोबांचा त्या लोकांशी संबंध असला तर व्यापाराचा असेल, एवढंच. पण ते आले, राहिले, आणि आजोबांनी रकाना कोरा सोडला. नोंद मात्र एकाचीही चुकवली नाही.

याबद्दल आजोबा कधी बोलले नाहीत. वडिलांनाही माहीत नव्हतं. मी त्यांच्या चांगुलपणाचा पोवाडा गाणार नाही. एप्रिलपासून तोच रकाना पुन्हा भरायला लागतो, आणि दर दोन आण्यांनी वाढलेला आहे! व्यवहारी माणूस. मला त्यातून जे कळलं ते इतकंच : तोच माणूस, तीच खोली, तीच वही, आणि त्यात पाहुणा कोण व गिऱ्हाईक कोण, हे कायद्याने नाही, एका कोऱ्या चौकोनाने ठरवलं होतं.

परका कोण?

स्वातंत्र्याच्या आधीच एक रकाना मात्र कायद्यानेच पक्का केला, राष्ट्रीयत्वाचा. १९३९ चा परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा आणि १९४६ चा परदेशी नागरिक कायदा यांखाली, राहायला येणाऱ्या परदेशी माणसाची माहिती यजमानाने कळवायची असते. हाच तो 'सी फॉर्म', चोवीस तासांच्या आत. हॉटेल असो की घरातली खोली, सुटका नाही. आपल्या गावात वैद्यकीय शिक्षणासाठी मलेशियातून मुलं येतात, त्यांचे आईबाप भेटायला येतात. त्यामुळे हा फॉर्म शहापूरच्या गल्लीतही भरावा लागतो. सप्टेंबर २०२५ पासून हे जुने कायदे जाऊन एकच नवा कायदा आला आहे. यजमानाने कळवायची जबाबदारी कायम आहे.

आपल्या भागाची खास गोष्ट अशी, की शेजारच्या तीन राज्यांत एकाच प्रकारच्या खोलीची तीन नावं आहेत. कागलला ती महाराष्ट्राची 'निवास व न्याहरी'. वीसेक किलोमीटरवर निपाणीत ती कर्नाटकाच्या पर्यटन खात्याकडे नोंदवायची 'होमस्टे'. चोर्ला घाट उतरलं की गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखालची खोली. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं सुचवलं होतं. अहवाल महाराष्ट्राने नाकारला, निपाणी आहे तिथे राहिली, आणि तिथल्या यजमानाचा फॉर्मही. पाहुणे मात्र तिन्हीकडे तेच, बहुतेक वेळा एकमेकांचे सोयरे.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं, तिकडे कोल्हापूरजवळ पंचगंगेचं, आणि मधे गाड्या अडकल्या. निपाणी भागात अनेकांनी अडकलेल्या प्रवाशांना जेवू घातलं, झोपायला जागा दिली. कुणी नोंदवही ठेवली असेल असं वाटत नाही. १९४८ च्या फेब्रुवारीची वही वाचताना मला ते दिवस आठवले.

नोटिशीचं काय झालं

खुलासा लिहायला बसलो तेव्हा आधी टेप घेऊन दोन्ही खोल्या मोजल्या. खालची खोली रस्त्याच्या पातळीवर, दोन दारं, हवा-उजेड ठीक. माडीवरच्या खोलीला एकच लाकडी जिना, तोही अरुंद, आणि खाली स्वयंपाकघर. रात्री आग लागली तर वरचा माणूस अडकणार. सहा वर्षं मी तिथे लोकांना झोपवलं आणि एकदाही हा विचार केला नाही. फौंड्रीत असा एक रस्ता असलेला माळा मी चालू दिला नसता. नोटीस आली नसती तर तो जिना मला कधीच दिसला नसता, हे कबूल केलं पाहिजे. माडी पाहुण्यांसाठी बंद केली. त्या डिसेंबरात दोन कुटुंबांना नाही म्हणावं लागलं. त्यातलं एक परेडला आलेलं, साताऱ्याकडचं. ते वाईट वाटलं, अजून वाटतं.

खालच्या खोलीसाठी नोंदणीचा अर्ज दिला. पोलीस पडताळणी झाली, म्हणजे १८६७ च्या भाषेत वर्तणुकीचा दाखला मिळाला. दरपत्रक लावलंय, कन्नड, मराठी आणि इंग्रजीत. 'निवासी की वाणिज्य' या प्रश्नावर घरपट्टीचा निकाल अजून यायचा आहे. मी लिहून दिलंय : मालक सहकुटुंब याच घरात राहतो, एक खोली अल्प मुदतीने पैसे घेऊन देतो. माझ्या मते आजच्या कायद्याच्या चौकटीत एवढं पुरेसं आहे. वाणिज्य ठरलं तर जादा पट्टी भरू आणि दर थोडा वाढवू, आजोबांसारखा.

नवी नोंदवही छापील आहे. रकाने अकरा. नाव, पत्ता, ओळखपत्र क्रमांक, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सगळं आलं. शेवटचा रकाना रकमेचा. गेल्या महिन्यात दवाखान्यात नवरा गेलेल्या एका बाईंनी दोन रात्रींचे पैसे पुढे केले, तेव्हा सौ.ने घेतले नाहीत. मी दहा रकाने भरले आणि अकरावा कोरा ठेवला. तपासणीला कुणी विचारलंच, तर जुनी वही दाखवीन.

वाचकांना एक विनंती. शहापूर, खासबाग, वडगाव, निपाणी, अक्कोळ, संकेश्वर, कागल इथल्या जुन्या घरांत, वखारींत, धर्मशाळांत अशा मुक्कामाच्या वह्या अजून असतील. रद्दीत घालण्याआधी एकदा मंडळाला दाखवा. नावं प्रसिद्ध करायची नाहीत, हा मंडळाचा शिरस्ता आहेच. आणि वही बघताना भरलेल्या रकान्यांइतकेच कोरे रकानेही बघा.